वरचे चार दात

भोंगीचा वरचा ओठ तिनं अंगठ्यानं उचलला आणि तिला पांढरी रेघ दिसली. हिरडीला लागून, चारही दातांवर, खडूनं ओढल्यासारखी. लसीकरणाच्या खोलीत वजनकाट्यामागं तिच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. एकीवर ती, दुसरीवर बाळाची आई, गुडघ्याला गुडघा लावून. बाळाचं बूड आईच्या मांडीवर आणि डोकं हिच्या. गेली चार वर्षं शहरातल्या गरीब वस्त्यांतली तान्ही, रांगती, दुडदुडती पोरं अशी तिच्या मांडीवर डोकं टेकून उलटी पडत आली होती आणि उलट्या तोंडांत ती बॅटरी मारून बघत आली होती. पांढरी रेघ म्हणजे दात किडायची सुरुवात. अजून भोक पडलेलं नसतं. आत्ता लेप लावला, गोड बंद केलं, दात पुसले, तर रेघ जिरतेसुद्धा. रेघ तपकिरी झाली की वेळ हातची गेली. अशा रेघा तिनं हजारांनी पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडून तीच चार वाक्यं एका सुरात बाहेर पडत. आज ती पडेनात. कारण भोंगी सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिच्याच घरात असायची. तिच्या आईकडं.

आई घरी सहा पोरं सांभाळायची. भोंगी हे नाव आईनंच ठेवलं होतं. कारखान्याचा भोंगा बरा, दिवसातून दोनदाच वाजतो, असं आई म्हणायची. भोंगीची आई तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला होती. दिवसभर नुसत्या कॉलरी. शर्टाचं बाकीचं अंग कुठं आणि कोण शिवतं ते तिला माहीत नव्हतं. तिला सगळे कॉलरवालीच म्हणत.

"ताई, बाटली तर मी कधीच सोडवली," कॉलरवाली म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत, झोपताना दूध नको. पाणीच देते. सकाळी फडकं ओलं करून पुसते पण. आरडाओरडा करते, तरी पुसते."

"गोड काही?"

"गोड कुठलं हो? रविवारी एक बिस्किट. तेही अर्धं मीच खाते."

खोटं बोलणाऱ्या आया तिला ओळखू यायच्या. त्या बाळाकडं बघत बोलत. कॉलरवाली सरळ तिच्याकडं बघत होती. पोरीचा एक पाय तिनं मुठीत घट्ट धरला होता आणि ती उत्तराची वाट बघत होती. पोर सांभाळणाऱ्या मावशींची मुलगी दातांचं बघते म्हणून मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा काढून ती इथं आली होती.

"काहींचे दात मुळातच नाजूक असतात," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून ऐकू आला. "अंगातच असतं ते."

"माझ्यामुळं?" कॉलरवालीनं विचारलं. मग हळू आवाजात, "माझ्या पण दोन दाढा गेल्यात ना. पोटात असताना मी काही नीट खाल्लं नाही बघा. उलट्याच व्हायच्या."

नाही म्हणायला तिच्याकडं एक क्षण होता. तेवढ्यात तिनं लेपाची पुडी फोडली. छोट्या ब्रशानं पिवळट, चिकट लेप चारही दातांवर फिरवला, भोंगी आपल्या नावाला जागली, शेजारच्या रांगेतली तीन बाळं तिच्या सुरात सूर मिसळून रडायला लागली आणि तो क्षण गेला. कार्डावर एक रकाना होता, 'दिवसभर बाळाला कोण सांभाळतं?' तिथं नाव लिहिलं की केंद्रातल्या डॉक्टरीणबाई त्या घरी नर्स पाठवत. तिनं बाकीचे रकाने भरले. तो कोरा ठेवून कार्ड गठ्ठ्याच्या मधोमध सारलं.

घरी परतताना ती एक थांबा आधीच उतरली आणि चालायला लागली. वरचे चार दातच का, खालचे का नाही, हे ती दिवसातून पंधरावीस वेळा सांगायची. चोखताना खालच्या दातांवर जीभ असते, ते झाकलेले राहतात. गोड साचतं ते वरच्यांवर. तिचेही वरचे चारच गेले होते. चार वर्षांची असताना मोठ्या दवाखान्यात काढले. एक कामगार तिच्या पायांवर बसला होता. बाबांनी तळहातानं तिचे डोळे झाकले होते आणि त्या तळहाताला यंत्राच्या तेलाचा वास होता. दुखल्याचं तिला आठवत नव्हतं. तो तेलाचा वास, आणि चिमट्यातून दात ट्रेमध्ये पडल्याचा आवाज, चारदा, एवढंच आठवत होतं. नंतर बाहेरच्या बाकावर आईनं तिला मांडीवर घेऊन चिमूटभर साखर जिभेवर ठेवली होती. कडू गेलं ना आता, असं म्हणत आई स्वतःच रडत होती. पुढं तीन वर्षं शाळेत तिला बोळकी म्हणत. मग नवे दात आले, चांगले आले, तरी ओठ मिटून हसायची सवय गेली नाही. लग्नासाठी बघायला आलेल्या एका बाईनं तिच्या आत्याला विचारलंही होतं, मुलगी हसत नाही का म्हणून. पण हे चार दात कशानं गेले, हे तिनं आईला कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं. हजारो परक्या आयांना जे तोंडपाठ सांगितलं, ते सांगत असताना तिची जीभ आपल्याच दातांमागं निवांत पडलेली असायची.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. ती पोचली तेव्हा पोरं गेली होती आणि आई बाहेरच्या खोलीची फरशी पुसत होती. ओट्यावर नेहमीच्या जागी सहा चोखण्या उकळून वाटीत निथळत ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. एकाची दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. या दोऱ्यांचं तिनं केंद्रात कौतुक करून सांगितलं होतं. चोखण्यांमागं स्टीलचा छोटा डबा होता. तो तिथं नेहमीच होता. तिनं झाकण उघडलं नाही. आई म्हणाली, "भोंगीनं आज दुपारी दोन पावलं टाकली गं. मी टाळ्या वाजवल्या तर दचकून बसलीच खाली. तिच्या आईला नाही सांगितलं. म्हटलं, तिला घरी दिसू दे पहिल्यांदा." ती हसली, ओठ मिटून. जेवताना भाताचा प्रत्येक घास तिला नको तितका गोड लागत होता.

गुरुवारी तिनं रजा घेतली. आईला सांगितलं, अंग मोडून आलंय. आतल्या खोलीत पांघरूण घेऊन ती दाराच्या फटीतून बाहेर बघत राहिली. आपल्याच आईवर असं डोळा ठेवून पडलेलं असणं तिला लाजिरवाणं वाटत होतं आणि तरी डोळा निघत नव्हता. साडेसातला पोरं यायला लागली. आई प्रत्येकाला दारात कडेवर घेऊन त्याच्या कानात काहीतरी कुजबुजायची, मग ते मूल मागं वळून स्वतःच्या आईकडं बघायचंसुद्धा नाही. नऊ वाजता खालच्या मजल्यावरचं दार वाजलं. खाली राहणारा माणूस रात्रपाळीचा पहारेकरी होता. नऊला यायचा, चारपर्यंत झोपायचा. दार वाजल्याबरोबर आईचं चालणं बदललं. टाच टेकेना. भांडं ठेवताना खाली आधी बोट ठेवायची. सहा पोरांना सतरंजीवर बसवून तिनं कापडाच्या बाहुल्या, कापडाचे चेंडू पुढं टाकले. पडलं तरी वाजेल असं त्या खोलीत काही नव्हतं. पंखासुद्धा दोनवरच. तीनवर तो खडखडायचा.

अकराच्या सुमारास भोंगीनं पहिला सूर लावला. खालून काठीचा एक ठोका आला, छताला, म्हणजे यांच्या फरशीला. आईनं मान वळवलीही नाही. हात मागं गेला, डब्याचं झाकण अंगठ्यानं उडालं, चोखणी पाकात बुडाली आणि भोंगीच्या तोंडात गेली. चालू राहिलेला नळ बंद करावा, इतकं सहज. त्यात काही लपवाछपवी नव्हती. मग बाकीच्या पाचांना, एकेकाचा दोरा बघून. खोलीत चोखण्याचा तेवढा आवाज उरला. आई भिंतीला पाठ लावून बसली आणि तिनं डोळे मिटले.

ती शांतता तिच्या ओळखीची होती. डोक्याला नाही, अंगाला ओळखीची. तिच्या लहानपणी आई एका मोठ्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि ती टेबलाखाली असायची. गरम कापडाचा वास, वरून येणारी वाफ, समोर हलणारी आईची पावलं, पांढऱ्या चादरीतून गाळून आलेला उजेड, आणि तोंडात गोड. दात काढल्याचं दुःख आठवायला इतकी वर्षं ती तयार होती. टेबलाखाली आपण सुखात होतो, हे आठवायला मात्र ती तयार नव्हती. फटीतून बघता बघता तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिनं पांघरूण दातांत धरलं.

पोरं गेल्यावर तिनं डबा उघडून ओट्यावर आईसमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"साखरेचा पाक. का?"

"भोंगीच्या दातांवर रेघ आलीय. बाकीच्यांच्याही असणार. मी गावभर सांगत फिरते, आई. हेच सांगत फिरते."

आईनं डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "एवढंसं असतं. टोकाला."

"दिवसातून किती वेळा?"

"रडतात तेव्हा."

"मलाही असंच दिलंस?"

आईनं झाकण लावलं. "तिथं पोर आणायची परवानगी नव्हती," ती म्हणाली. "मुकादम बाई चांगली होती. म्हणाली, आवाज आला नाही तर मला दिसलं नाही. तू गप्प राहिलीस म्हणून नोकरी राहिली. दोन वर्षं गप्प राहिलीस. सगळ्या म्हणायच्या, काय गुणी पोर आहे." मग आईचा आवाज बारीक झाला. "दातांचं तेव्हा मला कोणी सांगितलं नाही गं. तुझ्यासारखी कोणी नव्हती सांगणारी."

"आता आहे ना. आता मी सांगतेय."

"आणि खालचा? घरमालकाकडं तो दोनदा जाऊन आलाय. तिसऱ्यांदा गेला की खोली खाली करा म्हणालेत. सहा पोरं गप्प कशी ठेवायची, तेही तुमच्या त्या शिबिरात सांगतात का?"

सांगत नव्हते. केंद्राच्या शिबिरात रंगीत तक्ते होते. एका तक्त्यावर हसरी आई हसऱ्या बाळाला पाण्याचा पेला देत होती. त्या खोलीच्या खाली कोण झोपलं आहे ते तक्त्यात नव्हतं.

तरी आईनं डबा रिकामा केला. तिच्यासमोर, नळाखाली धरून. शुक्रवारी आईनं पोरांना गोष्टी सांगितल्या, मांडीवर जोजवलं, थंड पाण्यात बुडवलेलं फडकं चावायला दिलं. पाच जणांना ते पटलं, रडतखडत का होईना. भोंगीला पटलं नाही. तिच्या दाढा येत होत्या. शनिवारी ठोके मोजता येईनात इतके आले. दुपारी तो माणूस वर आला. आई सांगत होती, तो ओरडला नाही की काही नाही. लाल डोळ्यांनी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, परवा मला कामावर उभ्या उभ्या डुलकी लागली. आता पुन्हा तसा दिसलो तर काढतील मला. मी सोमवारी घरमालकाकडं जाणार." तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं आई दोनदा म्हणाली. हे ऐकताना तिला त्या माणसाचा राग यावा म्हणून तिनं फार प्रयत्न केला. घरात जिकडं वळावं तिकडं कोणाची तरी झोप, कोणाचे तरी दात, कोणाची तरी नोकरी पायाखाली येत होती. आपण एक शब्द बोललो आणि भिंती आत सरकल्या, असं तिला वाटलं.

रविवारी लसीकरणाची मोहीम होती, म्हणून सोमवारी तिला सुट्टी मिळाली. साडेसातला दारात आई कॉलरवालीला सांगत होती, "उद्यापासून हिला नको आणूस, बाई. आजचा दिवस ठेवते कशीबशी. नाही, आजही नको. राग मानू नकोस." आतल्या खोलीत तिच्या हातातला कप तसाच राहिला. जिच्या दातांसाठी हे सगळं सुरू झालं तीच पोर घरातून बाहेर चालली होती. पाण्याच्या टाकीजवळ आणखी एक बाई मुलं सांभाळायची. तिच्याकडची मुलं दिवसदिवस झोपून असतात, असं लोक बोलायचे आणि ती झोप कसली, ते कोणी विचारायचं नाही.

ती तशीच पायात चप्पल न घालता जिन्यात धावली. कॉलरवाली मधल्या वळणावर पोरीला कडेवर घेऊन उभी होती. रडत नव्हती. घड्याळ बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "तुमच्यामुळं नाही झालं ते. दातांचं. मी खोटं बोलले. आई चोखणीला साखरेचा पाक लावायची. रडू नये म्हणून. मी सांगितलं, तेव्हा बंद केलं. म्हणून ही रडते, म्हणून खालचा तक्रार करतो, म्हणून..." आठवडाभर दडवलेलं सगळं जिन्यात पडलं आणि ती हलकी व्हायची वाट बघत उभी राहिली. कॉलरवाली आता ओरडेल, शिव्या देईल, चार जणींना गोळा करेल. करू दे. निदान काहीतरी फुटेल.

कॉलरवालीनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग गप्प राहायची ना त्यानं?"

"हो, पण..."

"मग द्या की."

"अहो, दात जातील तिचे."

"ताई, हे दुधाचे आहेत. पडायचेच आहेत. परत येतील. माझं मशीन गेलं तर परत येणार नाही. आठच्या ठोक्याला फाटक बंद होतं, आणि बाहेर दहाजणी उभ्या असतात." तिचा आवाज इतका सरळ होता की त्यात तक्रारसुद्धा नव्हती. "मावशींवर माझा काही राग नाही. हिला त्यांच्याइतका जीव कोणी लावत नाही. टाकीवालीकडं नाही ठेवायची मला. तुम्ही सांगा ना त्यांना. काय लावायचं ते लावा, मी एक शब्द बोलणार नाही."

दुधाचे दात किडले की दुखतं, पू होतो, पोर खात नाही, वाढत नाही, झोपत नाही. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. त्यातलं एकही वाक्य त्या जिन्यात उभं राहीना. कॉलरवालीनं पोर पुढं केली आणि तिनं ती घेतली. कोणीतरी वजन हातात दिलं की हात आपोआप पुढं होतात, तशी घेतली. कॉलरवाली दोन दोन पायऱ्या उतरत गेली.

आईनं दारात दोघींना पाहिलं. "आता तूच बघ," एवढं म्हणून ती धुण्याचा ढीग घेऊन न्हाणीघरात गेली. तीन दिवसांचं धुणं साचलं होतं आणि आईची अंघोळही राहिली होती. नऊपर्यंत बरं चाललं. नऊला खालचं दार वाजलं. भोंगीनं सतरंजीवर बसून एकदा दाराकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि सुरू केलं. तिनं उचललं, फिरवलं, खिडकी दाखवली, ओलं फडकं दिलं. पोरीनं ते भिरकावलं. हिरडी लाल सुजलेली दिसत होती. एकीचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. खालून पहिला ठोका आला. तो तिच्या तळपायाला कळला. मग दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तो उठून कपडे घालत असेल. घरमालक दोन गल्ल्या पलीकडंच राहायचा. भोंगीचं तोंड तिच्या कानाशी होतं आणि तो आवाज आता बाहेरून येत नव्हता. तिच्याच कवटीतून येत होता. ती ओट्याशी गेली. डबा धुऊन पालथा घातलेला होता. साखरेची बरणी वरच्या फळीवर होती. एका हातानं तिनं ती काढली, वाटीत चमचाभर साखर, वर पाणी, बोटानं ढवळलं. लाल दोऱ्याची चोखणी. बुडवली. दिली.

आवाज थांबला.

भोंगीचे डोळे अर्धवट मिटले. तिचं सगळं वजन एकदम खांद्यावर उतरलं, मऊ आणि गरम. खालच्या मजल्यावर कॉटची एक कुरकुर झाली. माणूस परत आडवा झाला होता. बाकीची पोरं हुंदके देत देत गप्प झाली. तिच्या छातीतून काहीतरी इतकं सैल होऊन खाली गेलं की तिनं ओट्याला हात टेकला. किती बरं वाटत होतं. हे बरं वाटणं कोणत्याच तक्त्यावर नव्हतं. आईला हे दोन वर्षं, रोज, इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या असंच वाटलं असेल.

न्हाणीघराचं दार उघडलं. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली आई तिथं उभी होती. तिनं वाटी पाहिली, चोखणी पाहिली, लेकीचा साखरेनं चिकट झालेला हात पाहिला.

"एवढी बुडवायची नाही," आई हळू आवाजात म्हणाली. "टोकालाच लाव. आणि झोपली की दात पुसून घे."

"हो," ती म्हणाली, आणि ओलं फडकं शोधायला लागली.